चाकरमान्यांनो, उरलेल्या गोळ्या नकोत. बीपीचं मशीन आणि रिक्षाभाडं हवं

सप्रेम नमस्कार.

चतुर्थी तोंडावर आली. सजावटीची वर्गणी दरवर्षीसारखी जमेलच. यंदा वाडीचं मंडळ आणखी एका कामासाठी तुमच्यापुढे पदर पसरत आहे.

गेल्या श्रावणात आपल्या वाडीतल्या एका आजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तीन आठवडे बीपीची गोळी बंद होती. व्हाळाला (ओढ्याला) पाणी होतं म्हणून गोळी आणायला जाता येईना, आणि "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" असं त्या म्हणायच्या. बीपी बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणूनच तो घात करतो. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या बीपी आटोक्यात ठेवतात, कायमचा घालवत नाहीत. बंद केल्या की आकडा पुन्हा चढतो. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकदम तोडली, तर हृदयाचा त्रास असलेल्याला छातीत कळ येऊ शकते, झटकासुद्धा.

गोळी महाग नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. महाग पडतं ते तिथवर जाणं. एसटी अवेळी, रिक्षाला जाऊन-येऊन पैसे, आणि सोबतीला कोणी नाही, कारण घरातली मुलं मुंबई-पुण्यात.

म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकाच फेरीत आरोग्य केंद्रात नेऊन आणायचं ठरवलं आहे. त्या रिक्षांचं भाडं हवं. शिवाय दोन मशीनं हवीत, दंडाला पट्टा बांधायची, मनगटावरची नकोत. एखादा मोठा पट्टाही द्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तुमच्यात कोणी नर्स, डॉक्टर असेल तर एक सकाळ द्या. आरतीनंतर मंडपातच मोजणी करू. पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा. 140/90 किंवा त्यावर आकडा आला, तर त्या माणसाला पुढे डॉक्टरकडे न्यायची जबाबदारी मंडळाची.

एक कळकळीची विनंती. घरातल्या अर्धवट पाकिटांतल्या गोळ्या आणू नका. मागच्या वर्षी कोणीतरी प्रेमाने पिशवीभर आणल्या होत्या, पण एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. ज्याची नाडी आधीच मंद, त्याला अटेनोलॉल घातक. गरोदर बाईला टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल मुळीच चालत नाही.

आणि आपल्या आई-वडिलांशी बोला. अम्लोडिपिनने पाय सुजतात, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, म्हणून कित्येक जण न सांगता गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगितलं तर ती बदलून मिळते. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही बीपी वाढतो.

पैसे मंडळाच्या खजिनदारांकडे द्या, पावती मागून घ्या. हिशेब अनंत चतुर्दशीला देवळातल्या फळ्यावर लिहिला जाईल. पहिली फेरी त्याच आठवड्यात काढायची आहे.

आपले,
वाडीचे मंडळ