रेकॉर्ड कुठल्या माशाचं धरायचं?

संपादक महोदय,

गंगापूर आणि दारणा धरणावर हल्ली गळ टाकणारी पोरं वाढलीत, आनंदच आहे, पण ‘आपल्या जिल्ह्याचं रेकॉर्ड’ ठेवायच्या गप्पा सुरू झाल्यात म्हणून लिहितोय. वजनाचं रेकॉर्ड म्हटलं की काट्यावर चढते ती बहुतेक वेळा सगळ्यात मोठी मादी, आणि सगळ्यात जास्त अंडी तिच्याच पोटात असतात. आयजीएफए ही जगभरची रेकॉर्ड ठेवणारी संस्था 2011 पासून लांबीचंही रेकॉर्ड धरते, त्यात मासा मोजून जिवंत सोडावाच लागतो. आपल्या खडशीला, म्हणजे महसीरला, एवढाच नियम ठेवा, आणि पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत तेही नको.

रोहू, कटला मत्स्यबीज सोडून वाढवलेले असतात, त्यांचं वजन करा की खुशाल. तिलापिया तर बाहेरून येऊन इथे फोफावलेला मासा, त्याचं रोज करा! आफ्रिकन मांगूर मात्र यादीतच नको, तो बंदी असलेला मासा, रेकॉर्डच्या हौसेपायी कोणीतरी मुद्दाम पाण्यात सोडायचा, आपल्याकडे काही सांगता येत नाही.

आणि मासा नक्की कुठला ते आधी ओळखा. कावेरीत मोठ्या महसीरच्या हौसेनं बाहेरून आपली दख्खनी महसीर सोडली, ती तिथे फोफावली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे, त्याला शास्त्रीय नाव नक्की झालं तेच 2018 मध्ये. म्हणून नुसतं ‘महसीर’ लिहून चालणार नाही, ओल्या हातात धरलेल्या माशाचा पट्टीसकट फोटो पाहिजे.

– एक गळवाला, गंगापूर रोड, नाशिक