आबालाल यांची चित्रे मुलांना निवडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकला स्पर्धा, बक्षीस म्हणून रंगपेटी आणि पाहुण्यांबरोबर फोटो. वस्तुसंग्रहालयात मुलांना बोलवायचे म्हटले की आपली मजल इथवरच जाते. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. त्यांचे एक छोटे प्रदर्शन नववी ते अकरावीच्या मुलांच्या हवाली करावे, अशी माझी राज्याच्या वस्तुसंग्रहालय संचालनालयाला विनंती आहे. कोणती चित्रे लावायची, कोणत्या क्रमाने, खाली काय लिहायचे, ते मुलांनी ठरवावे. मूळ चित्रांना हात अर्थातच कर्मचाऱ्यांनी लावायचा.

हा पोरखेळ नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 मध्ये मुलांचे संग्रहालय उघडले, तेव्हा पहिल्या प्रदर्शनातील वस्तू शाळकरी मुलांनीच निवडल्या होत्या.

आबालाल तर या वयाच्या डोक्याला खाद्य देणारा विषय. शाहू महाराज 1922 मध्ये गेल्यावर त्यांनी दुःखाच्या भरात आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. चित्राखालच्या पाटीवर हे कसे लिहायचे? घडले म्हणून, की लोक सांगतात म्हणून? कुणी पाहिले, कुणी लिहून ठेवले, याचा माग काढायला मुलांना पेठांतल्या म्हाताऱ्यांना गाठावे लागेल, करवीर नगर वाचन मंदिरात बसावे लागेल. दुसरा पेच जलरंगांचा. उजेडाने कागदावरचे रंग उडतात, त्यामुळे अशी चित्रे फार काळ टांगून ठेवता येत नाहीत. मग कोणते बाहेर आणि कोणते कपाटात, यावर भांडणे होतील. होऊ द्यावीत.

हीच मुले इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतात, पण डोळा दहावीच्या वाढीव गुणांवर (आणि तो मुलांपेक्षा पालकांचा जास्त!). रंकाळ्यावर भेळ खायला जाणाऱ्या किती पोरांनी आबालाल यांनी रंगवलेला रंकाळा पाहिला असेल?

2031 मध्ये आबालाल यांच्या निधनाला शंभर वर्षे होतील. शाल-श्रीफळाचे कार्यक्रम तेव्हा होतीलच. आज नववीत असलेली मुले तोवर शाळा सोडून कुठल्या कुठे गेलेली असतील, म्हणून येत्या दिवाळीच्या सुट्टीतच एक खोली त्यांना देऊन पाहावी.

– एक निवृत्त कलाशिक्षक, शिवाजी पेठ, कोल्हापूर