आतड्याचा कर्करोग मेंदूत गेल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग मेंदूत पसरला की घरच्यांना सरसकट ‘आता घरी न्या’ असे सांगितले जाते, याला आमचा आक्षेप आहे. आजार गंभीर आहे, बहुतेकांचे उरलेले आयुष्य महिन्यांतच मोजावे लागते. तरीही गाठी मोजक्या असतील, रुग्ण हिंडताफिरता असेल आणि बाकीचा आजार आटोक्यात असेल, तर वर्षाहून अधिक काळही मिळू शकतो.

वेळ वाया जातो तो निदानात. या कर्करोगाच्या गाठी बऱ्याचदा लहान मेंदूत होतात आणि तोल जाऊ लागतो. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने पायही बधिर होतात, त्यामुळे खापर केमोवर फुटते. सकाळच्या उलट्यांचेही तेच. डोकेदुखीसोबत असे काही नव्याने सुरू झाले तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करावा. सीटीत लहान गाठी सुटतात. जास्त ग्लुकोज शोषणाऱ्या जागा दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनवरही विसंबू नये, कारण निरोगी मेंदूच इतके ग्लुकोज शोषतो की गाठ त्यात झाकली जाते.

तीन सेंटिमीटरहून मोठी, दाब आणणारी एखादी गाठ असेल तर शस्त्रक्रिया आणि काही आठवड्यांत त्या पोकळीला रेडिएशन. नुसती गाठ काढून थांबले तर ती तिथेच पुन्हा उगवते. बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) चालू असल्यास शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे बंद हवे, नाहीतर जखम भरत नाही. लहान, मोजक्या गाठींना रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या गाठीवरच एकवटलेले रेडिएशन: दोन सेंटिमीटरपर्यंत एकाच वेळी २० ते २४ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक). पूर्ण मेंदूला १० बैठकांत ३० ग्रे देण्याने स्मरणशक्ती मंदावते, म्हणून तो मार्ग गाठी फार असतील तेव्हाचा.

डेक्सामिथासोन या स्टिरॉइडने मेंदूची सूज उतरते आणि दोन दिवसांत रुग्णाला बरे वाटते. नेमके तेव्हाच लोक गोळ्या एकदम बंद करतात! डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच उतरवावा. दिवसातला शेवटचा डोस दुपारीच घ्यावा, नाहीतर झोप उडते. साखरही तपासत राहावी. फिट आलेली नसेल तर फिटची गोळी सहसा लागत नाही.

मूळ गाठीच्या ब्लॉकवर (जपून ठेवलेल्या तुकड्यावर) एमएसआय, हर-२, बीआरएफ या औषध निवडायला मदत करणाऱ्या तपासण्या झाल्या आहेत का, हे नातेवाइकांनी जरूर विचारावे. एमएसआय-हाय (गाठीच्या पेशींत डीएनए दुरुस्ती बिघडल्याची खूण) असेल तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरण्याचा, पर्याय उघडतो; मात्र स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर तिचा असर कमी पडू शकतो. त्यामुळे स्टिरॉइड किती कमी करता येईल, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.

आपले,
कर्करोग उपचारात काम करणारे काही डॉक्टर