जुलैत होडी नाही, पापलेटही नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत ‘पावसाळ्यात कोकण’ असं पानभर आलं. फोटो सुरेख होता. निळंशार पाणी, होडीत हसणारी माणसं, मागे सिंधुदुर्ग किल्ला. पण हा फोटो थंडीतला असणार. जुलैत कर्ली नदी डोंगरातली माती घेऊन खाली येते आणि देवबागच्या टोकाला दर्या चहासारखा दिसतो. त्यात बुडी मारून काय बघणार?

मी देवबागात तीन खोल्यांचं निवास-न्याहारी चालवते, मालकांची, म्हणजे आमच्या घरधन्यांची, होडी आहे. पान छापून आलं आणि सोमवारपासून फोन सुरू. पहिला प्रश्न, "किल्ल्यावर होडी किती वाजता?" दुसरा, "ऑफ सीझन आहे ना, मग अर्ध्यात द्या."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी, स्कूबा, पॅरासेलिंग सगळं बंद होतं, ते ऑगस्ट सरेपर्यंत. हे सरकारी आदेशानेच होतं, आमच्या आळसाने नव्हे. नदी जिथे दर्याला मिळते तिथे पावसात लाटा कशा उभ्या राहतात ते किनाऱ्यावरून पाहिलं तरी पुरे. गेल्या जुलैत पुण्याहून आलेलं एक कुटुंब मालकांशी तासभर भांडलं. म्हणे, एवढ्या लांबून आलोय, दुप्पट पैसे घ्या पण न्या. मालक एवढंच म्हणाले, "दर्याक तुमचा बुकिंग ठाऊक नाय." जाताना त्यांनी मोबाइलवर आम्हाला एक तारा दिला. तो अजून तिथेच आहे.

तीच गोष्ट मासळीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे एकसष्ट दिवस. मासळीच्या विणीचा काळ असतो तो. तरी पाहुण्यांना ताटात ताजं पापलेट पाहिजेच. मिळतं ते बर्फातलं, आणि त्याचा भाव मी इथे लिहीत नाही. आमच्या सासूबाई मे महिन्यातच आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या: सुका बांगडा, सुकट, सोडे, कोकम, कुळीथ, सुकी लाकडं. मी अजून भरते. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा पाहुण्यांपुढे ठेवला की निम्मे नाक मुरडतात, उरलेले तिसऱ्यांदा वाढून घेतात. पहिल्या पावसात ओहोळातून चढणीचे मासे येतात, मग टाकळ्याची रानभाजी निघते. हे कुठल्याच पुरवणीत मी वाचलेलं नाही.

आता अर्ध्या भाड्याचं. माझी खोली मेमध्ये १८०० रुपये, पावसात १४००. त्याखाली परवडत नाही. चादर तीन-तीन दिवस वाळत नाही, चुलीवर दोरी बांधून वाळवावी लागते. वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. उधाणाच्या भरतीला मागच्या माडांच्या मुळाशी पाणी येतं, तेव्हा आम्ही रात्र जागून काढतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आमची चिंचोळी वाडी. मालकांनाही सुटी नसतेच. होडी वर ओढून शाकारायची, इंजिन खोलायचं, जाळी विणायची. फक्त आमच्या पुतण्याला सुटी, कारण त्याची टेनिस बॉलच्या मॅचांची खेळपट्टी सध्या भातलावणीखाली आहे!

पाहुण्यांनी येऊ नये असं माझं म्हणणं नाही. १९९७ साली आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, त्यावरच आमची चूल पेटते. पण येणाऱ्याला आधी माहीत हवं. पुरवणीच्या कोपऱ्यात चार ओळी छापा: कुठल्या तारखांना काय बंद असतं, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं आहे आणि जोराच्या पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरने चालतात, म्हणून कुडाळला उशिरा पोचाल. शिवाय पावसात दर्यात उतरू नका, हे मोठ्या अक्षरांत. आणि गणपतीत माझ्याकडे खोली मागू नका हेही छापलंत तर बरं होईल. तेव्हा मुंबईची सगळी माणसं घरी असतात, मी स्वतः पडवीत झोपते.

पुढच्या वेळी फोटो मात्र जुलैचाच घ्या. आमच्या मागच्या दारातून सगळं दिसतं.

कळावे,
आपली एक वाचक,
देवबाग, ता. मालवण