शेक आणि पंख्याचीही नोंद केसपेपरवर हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातला केसपेपर उघडला की औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि सिस्टरची सही हे सगळे सापडते. पण त्याच रुग्णाला दुपारी कमरेला शेक दिला, धाप लागली तेव्हा पुढे वाकवून बसवले, मळमळ सुरू झाल्यावर मनगटावर दाब दिला, यातले बहुधा काहीच लिहिलेले नसते. मग पुढच्या पाळीला ते कळत नाही आणि एक तर बंद पडते किंवा कोणीतरी आपापल्या समजुतीने चुकीचे करते. औषधाच्या जोडीने द्यायच्या या उपायांनाही मात्रा असते, वेळ असते आणि काही रुग्णांना ते अजिबात चालत नाहीत. म्हणून त्यांची नोंद औषधाइतक्याच काटेकोरपणे व्हावी, अशी आमची मागणी आहे.

हे उपाय औषधाऐवजी नाहीत. कॅन्सरने हाड पोखरल्यावर जी कळ उठते तिला मॉर्फिनच लागते. मॉर्फिनची ऑर्डर लिहायला रात्री कोणी जागेवर नाही म्हणून त्या रुग्णाला पिशवीच्या शेकावर पहाटेपर्यंत ताटकळत ठेवणे ही क्रूरता आहे.

धापेपासून सुरुवात करतो. लोकल गाड्यांत आणि स्टेशनबाहेर विकायला असतो तो हातात धरायचा चार्जिंगचा पंखा हे फुप्फुसाच्या जुन्या आजारात आणि कॅन्सरमध्ये खरोखर उपयोगी पडणारे साधन आहे. चेहऱ्यापासून साधारण 15 सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरापेक्षा थोडा जवळ, तो धरायचा. वारा नाकाच्या बाजूंना, गालांवर आणि वरच्या ओठावर लागला पाहिजे. तिथल्या त्वचेतल्या चेतातंतूंना गार वारा लागला की मेंदूपर्यंत पोहोचणारी श्वास कोंडल्याची भावना कमी होते. पाच मिनिटे पुरतात. शक्य असेल तर पंखा रुग्णाच्याच हातात द्यावा, कारण आपल्या हाती काही उपाय आहे हे कळल्यानेच घाबरेपणा निम्मा ओसरतो. छताचा पंखा पाचवर केला तरी हा परिणाम मिळत नाही, कारण वारा सगळ्या अंगावर पसरतो आणि चेहऱ्यावर नेमका लागत नाही. डोळ्यांवर झोत आला तर डोळे चुरचुरतात आणि रुग्ण पंखा ढकलून देतो.

त्याच वेळी बसण्याची पद्धतही सुधारावी. खाटेवर टेकून पडलेल्या रुग्णाला उठवून पाय खाली सोडून बसवावे, समोर जेवणाचे टेबल ओढून त्यावर दोन उशा ठेवाव्यात आणि कोपर व डोके त्यांवर टेकवू द्यावे. हातांचा भार उशांवर गेला की मानेचे आणि छातीचे स्नायू श्वासासाठी मोकळे होतात. नाकाने दोन आकडे मोजत श्वास आत, मग मेणबत्तीवर हलकी फुंकर घालावी तसे ओठ करून चार आकडे मोजत बाहेर. ‘जोरात श्वास घ्या, जोरात’ असे नातेवाईक ओरडतात तेव्हा नेमके उलटे घडते. श्वास भरभर आणि उथळ होतो, आधीची हवा बाहेरच पडत नाही. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यातच. क्षयाच्या संसर्गजन्य रुग्णाजवळ पंखा लावून त्याच्या तोंडावरची हवा शेजारच्या खाटेकडे ढकलू नये. आणि धाप नव्याने, अचानक लागली असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा ऑक्सिजनची पातळी घसरत असेल, तर आधी डॉक्टरला बोलवावे. पातळी चांगली असलेल्या रुग्णाला नुसत्या समाधानासाठी नळी लावून ठेवली, तर साध्या हवेपेक्षा जास्त आराम मिळत नाही, हेही घरच्यांना समजावून सांगायला हवे.

शेकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान होते, कारण त्यात शिकायचे काय असेच सर्वांना वाटते. रबरी पिशवीत उकळते पाणी ओतायचे नसते. एक भांडे उकळते आणि तशीच तीन भांडी नळाचे, असे मिसळले की आपल्या मुंबईच्या हवेत पाणी साधारण 45 अंशांवर येते. पिशवी दोनतृतीयांशच भरावी, आडवी धरून उरलेली हवा दाबून काढावी, बूच घट्ट करून उलटी धरून गळते का पाहावे, मग दुहेरी सुती कापडात गुंडाळावी. पूर्ण भरलेली पिशवी फुगून कडक होते, अंगाला सगळीकडून टेकत नाही आणि जिथे टेकते तिथेच चटका देते. रुग्णाने पिशवीवर झोपायचे नाही, पिशवी अंगावर ठेवायची. पाच मिनिटांनी कापड उचलून त्वचा पाहावी. हलकी गुलाबी असेल तर ठीक, गडद लाल, पांढरट किंवा ठिपकेदार दिसली की थांबावे. एकूण 15 ते 20 मिनिटे बस. उबेचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो. वेदनेचे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये वेदनेची वाट अशी अडवता येते हा सिद्धांत मांडला. त्यामुळे जास्त गरम म्हणजे जास्त आराम हा समज निराधार आहे.

शेक कोणाला द्यायचा नाही, हे प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर लिहून लावावे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने किंवा केमोथेरपीने पायांची संवेदना गेलेला रुग्ण, लकवा झालेला भाग, बेशुद्ध रुग्ण, रेडिएशन घेतलेली त्वचा, कारण न कळलेली पोटदुखी. आणि या यादीत सगळ्यात वर फेंटानिलचा पॅच, म्हणजे त्वचेतून तीव्र वेदनाशामक सोडणारी चिकटपट्टी, लावलेला रुग्ण. पॅचवर किंवा त्याच्या आसपास उष्णता लागली की औषध त्वचेतून झपाट्याने शरीरात उतरते, गुंगी वाढते, श्वास मंदावतो. पॅच बहुतेक वेळा छातीवर, पाठीवर किंवा दंडावर कपड्याखाली असतो. नातेवाईकाला तो दिसत नाही. रात्रीच्या पाळीच्या सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतील आणि हँडओव्हरमध्ये उल्लेख झाला नसेल, तर तिच्याही लक्षात राहत नाही. शेकाची नोंद औषधांच्याच कागदावर असेल तर ‘पॅच आहे’ ही ओळ आणि ‘शेक द्या’ ही ओळ एकाखाली एक दिसतील.

मळमळीसाठी प्रत्येक ट्रेमध्ये असलेली एक वस्तू वापरता येते, ती म्हणजे इंजेक्शनपूर्वी पुसायचा पाकीटबंद अल्कोहोल स्वॅब. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेला स्वॅब नाकपुड्यांखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर धरून नाकाने सावकाश खोल श्वास घ्यायचा, फार तर एक मिनिट. गरज पडल्यास दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आणखी एक-दोनदा. आराम लवकर मिळतो, पण टिकतो थोडाच वेळ. तेवढ्यात उलटीविरोधी औषध तयार करता येते. बाटलीतल्या सर्जिकल स्पिरिटचा बोळा नाकाशी धरू नये. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यालाही हा उपाय नको.

मनगटावरचा दाबबिंदू शोधताना रुग्णाच्याच हाताची तीन बोटे मोजायची, आपली नव्हे. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वळीपासून कोपराकडे तीन बोटे, दोन ताठ कंडरांच्या (दोरीसारख्या लागणाऱ्या स्नायूबंधांच्या) मधोमध. किडकिडीत बाईच्या हातावर धिप्पाड वॉर्डबॉयची बोटे मोजली की जागा चुकते. अंगठ्याने घट्ट दाबून दोन ते तीन मिनिटे गोल फिरवावे, दोन्ही हातांवर. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या), सलाईन किंवा स्तनाच्या ऑपरेशननंतर सूज असलेला हात सोडून द्यावा. उलटी हिरवी होत असेल, पोट फुगले असेल आणि वारा सरत नसेल, तर दाबबिंदू विसरून सर्जनला कळवावे.

केमोथेरपीत फाइव्ह-एफयू हे कॅन्सरचे औषध एकदम शिरेतून दिले जाते तेव्हा इंजेक्शनच्या पाच मिनिटे आधीपासून एकूण अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे चघळत ठेवले, तर तोंड येण्याचे प्रमाण घटते. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध लवकर ओसरणारे असल्याने तेवढ्या वेळात ते तिथे कमी पोहोचते. पंपाने 46 तास चालणाऱ्या औषधात याचा उपयोग नाही. जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे दुसरे औषध असेल तर बर्फ मुळीच नको, घशात गार लागून गुदमरल्यासारखे होते. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच हवा. परळच्या फुटपाथवर गोळ्याच्या किंवा रसाच्या गाडीवरून नातेवाईक बर्फ आणतात, त्यात पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला जुलाब लागायचा धोका मोठा असतो. गुळण्यांचे पाणीही घरीच होते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार ते सहा वेळा, रोज ताजे. बेकिंग पावडर किंवा पापडखार चालत नाही.

मालिशबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. हातांचे हलके मालिश, तळव्यापासून मनगटापर्यंत, खोबरेल तेलाने, एका हाताला पाच मिनिटे, हे रुग्णाला विचारून जवळपास कोणालाही देता येते. पण माकडहाडावरची लाल झालेली जागा चोळायची नाही. पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून खसखसून घासण्याची जुनी सवय आपल्या वॉर्डांतून अजून गेलेली नाही. तिथली त्वचा आधीच रक्तपुरवठ्याला मुकलेली असते आणि चोळल्याने आतली पेशीजाळी फाटून जखम खोल जाते. त्याऐवजी दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठीमागे उशी देऊन 30 अंश कलते ठेवावे. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला तेल लावायला कोणालाही देऊ नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

संगीताचे थोडक्यात. वीस-तीस मिनिटे, हेडफोनवर, रुग्णाच्या आवडीचे. सगळ्या वॉर्डासाठी एकच भजन लावणे हा उपचार नाही.

आता नोंदीविषयी. ‘शेक, डावी कंबर, 20 मि., वेदना 7 वरून 4’ एवढी एक ओळ पुरते. शून्य ते दहा या मापाने आधी आणि अर्ध्या तासाने विचारायचे. आकडा हलला नाही तर राउंडची वाट न पाहता औषध वाढवण्यासाठी डॉक्टरला फोन करायचा, आणि तो फोनही लिहायचा. देशातले पहिले हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था), शांती अवेदना सदन, 1986 मध्ये आपल्या बांद्र्यातच सुरू झाले. या शहराला ही कामे नवी नाहीत. नर्सिंग चार्टवर आणखी एक रकाना छापायला फार खर्चही येत नाही.

डिस्चार्जच्या वेळी कागद हातात देऊन भागत नाही. जळगाव, बीड, रत्नागिरीकडे परतणाऱ्या घरच्यांकडून पिशवी भरणे, पंख्याचे अंतर आणि बसवण्याची पद्धत एकदा आपल्या समोर करून घ्यावी आणि पॅच कुठे लावला आहे ते बोट ठेवून दाखवावे. त्यासाठी डिस्चार्जच्या कामात पंधरा मिनिटे स्वतंत्र धरावीत आणि त्या वेळी त्या सिस्टरला दुसऱ्या खाटेकडे बोलावू नये.

आपल्या,
मुंबईतील रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका,
परळ, मुंबई