डिपची कृती छापताना पाण्याचाही विचार व्हावा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत ताज्या हिरव्या पानांच्या मलईदार डिपची कृती अधूनमधून प्रसिद्ध होते आणि जवळपास प्रत्येक वेळी तिचा शेवट ‘सर्व साहित्य मिक्सरमधून एकजीव करून घ्यावे’ या वाक्याने होतो. लिहायला हे वाक्य सोपे आहे. पण त्याबरहुकूम केलेले डिप बहुधा वाटीत पसरते आणि करणाऱ्याला वाटत राहते, की दहीच चांगले नव्हते. दोष दह्याचा नसून त्या वाक्याचा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

दह्याचा घट्टपणा त्यातील प्रथिनांच्या जाळीमुळे असतो आणि पाणी त्या जाळीतच अडकून राहते. मिक्सरचे पाते ती जाळी तोडते, त्यामुळे चांगला बांधलेला चक्कादेखील पातळ पडतो. त्यापेक्षा दही मलमलच्या कापडात बांधून ४-५ तास फ्रीजमध्येच निथळत ठेवावे (अर्ध्या किलो दह्याचा साधारण पाव किलो चक्का होतो), मग त्यात दोन चमचे साय किंवा ऑलिव्ह तेल घालून चमच्याने हलकेच घोटावे. हा स्निग्धांश केवळ मलईदारपणासाठी नसतो. पानांतील सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्धांशात अधिक चांगली उतरतात, त्यामुळे बिनसायीच्या दह्याचे डिप बेचव लागते.

पानांच्या बाबतीत तर कृती लिहिणारे फारच घाई करतात. शेपू, पार्सली, पुदिना, चाइव्ह्ज यांपैकी काहीही घेतले, तरी धुतलेली पाने कापडावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यावीत आणि धारदार सुरीने एकदाच बारीक चिरावीत, पुन्हापुन्हा सुरी चालवू नये. चिरून झाल्यावर पाटावर हिरवे पाणी दिसले, तर पाने ओली होती किंवा सुरी बोथट आहे असे खुशाल समजावे. जो स्वाद डिपमध्ये जायचा, तो पाटानेच प्यायलेला असतो. पाव किलो चक्क्याला अर्धी वाटी चिरलेली पाने पुरतात. ताज्या पानांऐवजी वाळलेली घ्यायची झाल्यास प्रमाण एक तृतीयांशावर आणावे लागते, हेही कृतीत क्वचितच सांगितलेले असते.

लसूण ठेचल्यावरच त्याचा उग्रपणा तयार होतो आणि डिप मुरताना तो अधिक जाणवू लागतो, म्हणून अर्धी पाकळीच घ्यावी व ती लिंबाच्या रसात ठेचावी. आंबटपणामुळे तो उग्रपणा आटोक्यात राहतो. मीठ पानांतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे ते अगदी शेवटी घालावे. डिप अर्धा ते एक तास फ्रीजमध्ये मुरू द्यावे आणि त्यानंतरच चव पाहावी, कारण आधी अळणी वाटलेले डिप मुरल्यावर पुष्कळदा बरोबर लागते.

टिकण्याविषयी तर आपल्या पुरवणीत अवाक्षरही नसते. हे डिप दोन तासांहून अधिक वेळ फ्रीजबाहेर ठेवू नये. पाहुणे यायचे असतील, तर मोठे भांडे मांडण्याऐवजी थोडे थोडे काढावे. झाकून ठेवल्यास ते दोन-तीन दिवस खाण्याजोगे राहते. मात्र आंबट दह्यात हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि पानांचा रंग शेवाळी होत जातो. तो खराब झाल्याचा पुरावा नव्हे, पण दिसायला हिरवेगार हवे असेल, तर ज्या दिवशी वाढायचे त्याच दिवशी करणे बरे.

यापुढे अशा कृतींत साहित्याच्या यादीइतकीच जागा क्रमाला, निथळण्याच्या व मुरण्याच्या वेळेला आणि साठवणुकीला द्यावी, अशी विनंती आहे. त्यासाठी चार ओळी जास्त लागल्या आणि शेजारचे छायाचित्र थोडे लहान छापावे लागले, तरी वाचकांची तक्रार नसेल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक