चाळीस तास बांधून ठेवता, मग चाळीस तासांचे पैसे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नवीन चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून डिलिव्हरीवाले, कॅबवाले यांच्या नोंदणीबद्दल, विम्याबद्दल पेपरात बरंच वाचायला मिळतंय आणि ते यायलाच हवं. पण आपल्या सोलापुरात अजून एक वर्ग आहे त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जुळे सोलापूर, होटगी रोड, अक्कलकोट रोड कुठेही बघा, घरात लॅपटॉप लावून पुण्याच्या नाहीतर बेंगलोरच्या एजन्सीमार्फत काम करणारी पोरंपोरी सापडतील. कुणी कॅड म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग करतं, कुणी डेटा लेबलिंग म्हणजे फोटो-मजकुराला खुणा-नावं लावायचं काम, तीन-तीन भाषा येणारी आपली पोरं तेलुगू-कन्नड-मराठी भाषांतर करतात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. आम्हाला फ्रीलान्सर म्हणतात.

आमच्या ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं आठवड्याला चाळीस तास. सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑनलाइन राहायचं, मेसेज आला की लगेच उत्तर द्यायचं, त्या काळात दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, सोडायचं असेल तर महिनाभर आधी कळवायचं. हे सगळं आमच्यावर बंधनकारक. आणि पैसे मात्र क्लायंटने मंजूर केलेल्या टाइमशीटप्रमाणे, म्हणजे तासांच्या नोंदीप्रमाणे. म्हणजे सर्व्हरचा ॲक्सेस मिळाला नाही म्हणून अर्धा दिवस बसून राहिलो, ते तास नाहीत. रोजचा सकाळचा कॉल, तो नाही. नवीन टूल शिकायला सांगितलं, ते ट्रेनिंग म्हणून फुकट. क्लायंटने आधी एक सांगितलं मग बदललं आणि तेच काम परत करायला लावलं तर ते रिवर्क, त्याचेही पैसे नाहीत. चाळीस हा आकडा ॲग्रीमेंटमध्ये कमाल म्हणून असतो, किमान किती तासांचे पैसे मिळणार हे कुठेच नसतं, आणि सही करताना हे लक्षात येत नाही कारण दर तासाचा रेट बघून माणूस खूश झालेला असतो.

हिशोब मांडून दाखवतो. समजा रेट ३०० रुपये तास. चाळीस तासांचे १२,००० व्हायला पाहिजेत. मंजूर झाले २६ तास, म्हणजे ७,८०० रुपये. पण माणूस खुर्चीवर चाळीस तास होताच, तेव्हा खरा रेट पडला १९५ रुपये. त्यातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून हातात ७,०२० येतात, तेही दोन-दोन महिन्यांनी. लाईट बिल, इंटरनेट, लॅपटॉपची दुरुस्ती सगळं आपल्याच खिशातून. घरभाडं भरणाऱ्या, आईवडिलांची औषधं आणणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात किती येणार हेच सांगता येत नाही, बँकेत कर्जाला गेला तर तिथे काय दाखवणार?

माझ्याकडची लाईट गेली, नेट बंद पडलं, मी दवाखान्यात गेलो तर तो वेळ मी मागत नाही, मागूही नये. आणि एजन्सीवाल्यांचीही अडचण असते हे कळतं, छोट्या एजन्सीला क्लायंटच पैसे देत नाही तर ती कुठून देणार. पण क्लायंटशी त्यांचं काय ठरलंय, तिकडे किती तासांचं बिल लावतात, हे आम्हाला कधीच दाखवत नाहीत. काम कमी आलं तर तो धंद्याचा धोका आहे, तो एजन्सीने घ्यायचा म्हणून तर ती मधले पैसे घेते ना? मग तो सगळा धोका सोलापुरातल्या पोराच्या डोक्यावर का?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते लिहितो. पैसे मागितले की एजन्सी म्हणते तुम्ही कर्मचारी नाही, व्हेंडर म्हणजे बाहेरून सेवा पुरवणारे आहात, पीएफ नाही सुट्टी नाही. आणि दुपारी एक तास बाहेर गेलो की विचारणा होते ऑफलाइन का दिसताय म्हणून, स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवलेलंच असतं. दोन्हीपैकी काहीतरी एक ठरवा.

कर्मचारी धरायचं तर १९४८ च्या जुन्या किमान वेतन कायद्याचं कलम १५ आठवा. ज्याचं किमान वेतन रोजावर ठरलेलं आहे तो कामावर आला आणि मालकाने पुरेसं काम दिलं नाही म्हणून त्याचे तास कमी भरले, तर त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यायची. कामगाराची स्वतःची तयारी नसेल तर नाही. तो कायदा आता गेला, पण हेच त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत कलम १० मध्ये आहे. आणि व्हेंडर धरायचं तर २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा आहे, त्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत करायचं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्या-महिन्याला चक्रवाढ. यात सेवा देणाराही येतो. फ्रीलान्सर सरकारच्या उद्यम पोर्टलवर उद्योग म्हणून फुकट नोंदणी करू शकतो, फक्त काम घ्यायच्या आधी करून ठेवा, पैसे अडकल्यावर नाही. मग अडकलेल्या पैशाची तक्रार सरकारकडे ऑनलाइन टाकता येते. हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहितीये.

तुम्ही घरी बसून करता, वेळ तुमच्या हातात, म्हणून तुम्ही कर्मचारी नाही असं जे तोंडावर फेकतात त्यांच्यासाठी १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल सांगतो, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा. शिंप्यांना नगावर पैसे मिळायचे, येण्या-जाण्याची वेळ पक्की नव्हती, तरी कोर्टाने त्यांना कर्मचारी धरलं. एक कारण असं की शिवलेला कपडा पसंत नाही पडला तर तो नाकारून परत शिवायला लावायचा अधिकार मालकाकडे होता आणि तो अधिकार म्हणजेच नियंत्रण. युनिफॉर्म शिवणाऱ्या सोलापूरला हे समजावून सांगायची गरज नाही. आमच्या रिवर्कची गोष्ट यापेक्षा काय वेगळी आहे मला सांगा.

आणि हा प्रश्न आपल्या गावाला नवीन नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी चालू होत्या त्या काळात बदली कामगार पाळीच्या वेळेला गेटवर हजर व्हायचे, कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आत काम, नाहीतर तसंच घरी. त्या माणसालासुद्धा कायद्याने काहीतरी दिलं. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ ला दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सलग वर्षभर सेवा झालेल्या बदली कामगारालाही ले-ऑफच्या (मालकाने काम न दिलेल्या) दिवसांचं मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मं मिळायला लागलं. सत्तर वर्षांपूर्वी हजेरीची किंमत मान्य झाली होती आणि आज आम्ही लॉगिन करून बसतो त्याची शून्य.

याच महाराष्ट्राने १९६९ ला माथाडी कायदा केला. हमालाला एक ठरलेला मालक नसतो म्हणून त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, मालकांनी मजुरी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, असं ज्या राज्याला तेव्हा सुचलं त्या राज्याला आमच्यासाठी काही सुचणार नाही असं मी मानत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा) आलाय, पण तिथे विषय विमा-पेन्शनचा आहे, बांधून घेतलेल्या तासांच्या पैशाचं काय ते त्यात नाही.

मागणं फार मोठं नाही. ॲग्रीमेंटमध्ये कमाल तासांच्या बरोबर किमान तासही लिहायला लावा आणि काम आलं नाही तरी तेवढे पैसे द्या. ते परवडत नसेल तर दुसरं काम न घेण्याची अट काढून टाका, आम्ही आमचं बघून घेतो. कॉल, ट्रेनिंग आणि क्लायंटच्या चुकीने झालेलं रिवर्क टाइमशीटमध्ये धरायचं हेही लेखी पाहिजे, फोनवरचं तोंडी आश्वासन नको.

सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयाने महिन्यातून एक दिवस आमच्यासारख्यांचे कागद बघायला ठेवला तरी खूप होईल, कारण एका पत्रासाठी वकिलाची फी भरणं प्रत्येकाला जमत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागालाही विनंती आहे की शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून अशा एजन्सीच्या कागदावर सही करून घेण्याआधी त्यात किमान तास लिहिलेत का ते तुम्ही स्वतः वाचा, मुलांना ते विचारायचं धाडस होत नाही. आणि संपादकसाहेब, तुमच्या वार्ताहरांनी या पोरांशी बोलून यावर एक सविस्तर बातमी करावी. नावं छापू नका, काम जाईल या भीतीने कुणी पुढे येत नाही. मीही त्याच कारणाने नाव खाली टाकत नाहीये.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर